कॉक कुणीकडे वळलाय?

सदर : संगणकाशी गट्टी

बालमित्रांनो,

आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. विहिरीवर मोटार चालू आहे. तिचा आवाज बांधापर्यंत ऐकू येतो आहे. पण हळदीच्या सरीत पाण्याचा एक थेंब नाही. सांगा पाहू, बिघाड कुठे असेल?

हा प्रश्न मी आमच्या पाचवीच्या वर्गात विचारला, तर निम्म्या वर्गाचे हात वर!

"मॅडम, फूटबॉल खराब झाला असंल!"

"जॉइंट निसटला असंल!"

"खारीनं पाइप कुरतडला असंल!"

(शहरातल्या दोस्तांनो, हा फूटबॉल खेळायचा नाही बरं का! विहिरीतल्या पाइपच्या तळाशी जी झडप असते, तिला आमच्या हिंगोली जिल्ह्यात सगळे फूटबॉलच म्हणतात.)

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र शांत बसला होता. तो कधीच घाईनं हात वर करत नाही. मी त्याला उठवलं. तो म्हणाला, "मॅडम, आधी कॉक बघायचा. कुणीतरी तो दुसऱ्याच वावराकडं वळवून ठेवलेला असतो. आमच्यात नेहमी असंच होतं."

सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. कारण हे उत्तर मला आधी माहीत असतं, तर एका मुलीचा आणि तिच्या वडिलांचा एक अख्खा दिवस वाचला असता. तीच गोष्ट आज सांगते.

शेवटची तारीख

माझी एक भाची अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. पोळ्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली होती. तिला अभ्यासासाठी काही लेख वाचायचे होते. ते लेख कॉलेजच्या ग्रंथालयानं पैसे भरून घेतलेले. कॉलेजच्या आवारातल्या संगणकावर ते उघडतात, घरी बसून उघडत नाहीत. पण कॉलेजनं विद्यार्थ्यांसाठी एक रीतसर वाट करून दिली होती. तिचं नाव 'एसएसएच टनेल'. टनेल म्हणजे बोगदा. भाची रात्री जागून त्या बोगद्यातून लेख वाचायची आणि मी शेजारी बसून वह्या तपासायची.

जाताना ती म्हणाली, "मावशी, माझा हा जुना लॅपटॉप तुलाच ठेव. शाळेत कामाला येईल." मी खूश! लॅपटॉप पिशवीत घातला आणि कपाटावर ठेवून दिला.

पुढे काही दिवसांनी नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आली. आमच्या वर्गातल्या एका मुलीचा फॉर्म राहिला होता. तिचे आईवडील कामासाठी परगावी गेले होते, ते आदल्याच दिवशी परतले. त्यातच शाळेचा संगणक त्या आठवड्यात बंद पडलेला. मी म्हटलं, घाबरू नका, माझ्याकडे लॅपटॉप आहे.

सकाळी दहालाच मुलगी आणि तिचे वडील शाळेत हजर. वडिलांनी त्या दिवसाचा रोज बुडवला होता. मुलीनं तेल लावून घट्ट वेण्या घातल्या होत्या. हातात फोटोचं पाकीट. मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र तयार होतं. मी माझ्या मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला जोडलं, फायरफॉक्स उघडलं आणि पत्ता टाकला.

पान उघडेना.

पुन्हा टाकला. नाही. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी सूचना यायची. मी ती न वाचताच पान बंद करायची आणि पुन्हा उघडायची. मग म्हटलं, रेंज नसेल. शाळेच्या गच्चीवर गेले. नाही. तलावाच्या बांधावर गेले. तिथे रेंज चांगली असते. नाही! मागे मुलगी, तिच्यामागे तिचे वडील, अशी आमची वरात गावभर फिरली. दुपारचे तीन वाजले. मी मोबाइल कंपनीला नाव ठेवलं, ढगांना नाव ठेवलं, लॅपटॉपलाही ठेवलं.

शेवटी वडील हळूच म्हणाले, "मॅडम, ऱ्हाऊ द्या. नशिबात नसंल तिच्या."

मुलगी काही बोलली नाही. तिनं फोटोचं पाकीट उघडलं, फोटो पाहिला आणि पाकीट पुन्हा बंद केलं.

मुलांनो, इथे गोष्ट थोडी थांबवते. पुढे काय झालं ते शेवटी सांगेन. त्याआधी तो बोगदा म्हणजे काय आणि त्यात बिघाड कसा शोधायचा, ते पाहू. म्हणजे तुम्हीच सांगाल, माझं काय चुकलं ते!

पाकिटातलं पाकीट

समजा, तुम्हाला पुण्यातल्या एका ग्रंथालयाला पत्र पाठवायचं आहे. पण ते ग्रंथालय फक्त पुणेकरांच्याच पत्राला उत्तर देतं. तुमचे मामा पुण्यात राहतात. मग तुम्ही काय कराल? ग्रंथालयाचं पत्र एका पाकिटात घालाल आणि ते मामांना पाठवाल. मामा पाकीट फोडतील, आतलं पत्र आपल्या नावानं ग्रंथालयाला देतील आणि आलेलं उत्तर तुम्हाला धाडतील. ग्रंथालयाला वाटेल, पत्र मामांचंच आहे.

या कामाला संगणकाच्या भाषेत 'प्रॉक्सी' म्हणतात. प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीनं काम करणारा. भाचीच्या बाबतीत कॉलेजचा संगणक म्हणजे मामा.

आता हे पाकीट वाटेत कुणी फोडून वाचलं तर? म्हणून ते कुलूपबंद करायचं. ते काम एसएसएच करतं. तुमच्या संगणकापासून मामांच्या संगणकापर्यंत जे काही जातं, ते सांकेतिक भाषेत जातं. मधल्या कुणाला ते वाचता येत नाही. पण एक लक्षात ठेवा. कुलूप फक्त मामांच्या घरापर्यंतच आहे! मामांनी पाकीट फोडल्यावर पुढे ते पत्र नेहमीच्या वाटेनं जातं.

हे एसएसएच फिनलंड देशात जन्मलं. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी चोरून पासवर्ड गोळा करत होतं. तेव्हा दूरच्या संगणकात शिरायला 'टेलनेट' नावाची जुनी पद्धत वापरत. तिच्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जायचा! तिथले संशोधक टाटू युलोनेन यांनी यावर उपाय म्हणून एसएसएच तयार केलं आणि ते सर्वांना मोफत दिलं.

प्रत्येक संगणकाला ६५ हजारांहून जास्त क्रमांकाची दारं असतात असं समजा. त्यांना 'पोर्ट' म्हणतात. टेलनेटचं दार २३ वं, फाइली पाठवायच्या एफटीपीचं २१ वं. मधलं २२ वं मोकळं होतं, ते एसएसएचला मिळालं. आणि गंमत पाहा, त्याच १९९५ साली १५ ऑगस्टला आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं.

तुम्ही म्हणाल, मॅडम, हे सगळं फिनलंडचं. आपल्या हिंगोलीचा याच्याशी काय संबंध? आहे तर! औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहणार आहे. तिला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी मिळाली. तिचे दोन हात असतील, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. दूर अंतराळात कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात, तेव्हा निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी ती टिपणार आहे. या लहरींची किचकट गणितं मोठमोठ्या संगणकसमूहांवर होतात. पुण्याच्या 'आयुका' संस्थेत असा एक समूह आहे, त्याचं नाव 'सारथी'. शास्त्रज्ञ काही सगळेच त्या संगणकासमोर जाऊन बसत नाहीत. ते आपापल्या गावाहून त्यात शिरतात, तेही एसएसएचच्या बंद वाटेनंच. उद्या तुमच्यापैकी कुणी तिथे काम करायला लागलं, तर आजचा धडा कामाला येईल.

मोटारीपासून सरीपर्यंत

बोगदा तयार करायला भाची एक ओळ लिहायची. एसएसएच हा शब्द, मग वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून डी हे अक्षर, मग १०८० हा आकडा आणि शेवटी कॉलेजच्या संगणकाचा पत्ता. डी मोठ्या लिपीतलंच हवं बरं का! लहान डी लिहिलं तर बोगदा तयार होत नाही. या ओळीमुळे आपल्याच संगणकावर १०८० क्रमांकाचं एक दार उघडतं. तेच बोगद्याचं तोंड. मग ब्राउझरला सांगायचं, बाबा रे, तू बाहेर जाताना नेहमीच्या दारानं जाऊ नकोस, या दारानं जा.

आता पान उघडलं नाही तर? शेतकरी काय करतो? लाईट आहे का, मोटार फिरते का, पाइप धड आहे का, असं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघत जातो. आपणही तसंच जाऊ.

पहिली पायरी : लाईट आहे का? म्हणजे मुळात इंटरनेट चालू आहे का? ब्राउझरमधली प्रॉक्सी बंद करा आणि एखादं साधं पान उघडून बघा. तेही उघडत नसेल, तर बोगद्याला दोष देऊ नका. रेंज, रिचार्ज, केबल तपासा. ते उघडलं, तर लाईट आहे. पुढे चला.

दुसरी पायरी : पाइप जोडला गेला का? एसएसएचची खिडकी बघा. ती चुकून बंद केली असेल, तर बोगदाही गेला! खिडकीत काही सूचना आली असेल, तर ती शब्दन् शब्द वाचा. तीन सूचना नेहमी भेटतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

'परमिशन डिनाइड' म्हणजे तुम्ही घरापर्यंत पोचलात, पण किल्ली लागली नाही. पासवर्ड किंवा नाव चुकलं आहे.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे पत्त्यावर घर आहे, पण तुम्ही वाजवलं त्या दारामागे कुणीच नाही. दाराचा क्रमांक चुकला असेल किंवा तिकडची एसएसएच सेवा बंद असेल.

'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे हाक मारून मारून घसा बसला, पण 'ओ' नाही की 'नाही' नाही. एक तर वाटच बंद आहे, नाही तर मधल्या पहारेकऱ्यानं हाक गिळून टाकली. किंवा पत्ताच चुकला.

फरक कळला ना? नकार आणि शांतता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकार लगेच येतो. शांतता कळायला वाट पाहावी लागते.

चौथी एक सूचना क्वचित येते, पण ती महत्त्वाची. समोरच्या संगणकाची ओळख बदलली आहे, असं एसएसएच ओरडून सांगतं. प्रत्येक संगणकाला बोटाच्या ठशासारखी ओळख असते आणि एसएसएच ती पहिल्या भेटीत लिहून ठेवतं. शाळा सुटल्यावर कुणी येऊन म्हणालं, 'चल, मी तुझा मामा,' आणि चेहरा वेगळाच दिसला, तर तुम्ही जाल का? मग इथेही जाऊ नका. कदाचित कॉलेजनं संगणक बदलला असेल, पण आधी विचारून खात्री करायची.

तिसरी पायरी : पाइपाचं तोंड बरोबर जागी लावलं का? ब्राउझरच्या सेटिंगमध्ये पत्ता हवा १२७.०.०.१. या आकड्याचा अर्थ 'मी स्वतः', म्हणजे आपलाच संगणक. दाराचा आकडा हवा १०८०, जो आपण ओळीत लिहिला तोच. तिकडे १०८० आणि इकडे ८०८० असं झालं, की संपलं! पाइपाचं तोंड एका सरीत आणि पाणी दुसऱ्या.

इथेच आणखी एक चूक भल्याभल्यांची होते. सेटिंगमध्ये दोन-तीन चौकटी असतात. एक 'एचटीटीपी प्रॉक्सी'ची, एक 'सॉक्स'ची. हे आकडे सॉक्सच्या चौकटीत लिहायचे आणि सॉक्सची पाचवी आवृत्ती निवडायची. पहिल्या चौकटीत लिहिले, तर ब्राउझर एक भाषा बोलतो आणि दारातला एसएसएच दुसरीच भाषा ऐकायला बसलेला असतो. सॉक्सच्या पाचव्या आवृत्तीत बोलण्याची सुरुवातच ५ या आकड्यानं होते. तो ऐकू आला नाही, तर पुढचं संभाषण होणार कसं?

चौथी पायरी : नाव कुणाला विचारलं? आमच्या गावात 'बंड्याचं घर' विचारा, कुणीही दाखवेल. पण नांदेडच्या स्टँडवर उभं राहून 'बंड्याचं घर कुठे?' विचारलं तर लोक हसतील! संकेतस्थळांचंही तसंच आहे. नाव सांगितलं, की त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी एक यंत्रणा असते. तिला 'डीएनएस' म्हणतात. कॉलेजच्या आतल्या काही पानांची नावं फक्त कॉलेजच्या डीएनएसलाच माहीत असतात. ब्राउझर ते नाव आपल्या गावच्या डीएनएसला विचारत बसला, तर 'सर्व्हर सापडला नाही' असंच उत्तर येणार. बाहेरची पानं उघडतात आणि आतलंच उघडत नाही, अशी तक्रार असली की हाच बिघाड समजा. त्यासाठी फायरफॉक्समध्ये एक छोटी चौकट असते : सॉक्स पाच वापरताना डीएनएसही प्रॉक्सीकडूनच विचारावं. तिथे खूण केली, की नावसुद्धा बोगद्यातून पलीकडे जाऊन विचारलं जातं. भाची दोन रात्री याच बिघाडाशी झुंजत होती!

पाचवी पायरी : पलीकडचा मालक परवानगी देतो का? कधीकधी आत शिरता येतं, पण बोगदा वापरू दिला जात नाही. मग खिडकीत 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली प्रोहिबिटेड' अशी लांबलचक सूचना येते. म्हणजे तिथल्या व्यवस्थापकानं मनाई केली आहे. यावर आपल्याकडे उपाय नाही आणि तो शोधूही नये. सरळ त्यांना विनंतीचं पत्र लिहावं.

सहावी पायरी : चालू होतं आणि मध्येच थांबलं? रात्री दारं धरताना वडील मोटारीपाशी आणि दादा वावराच्या दुसऱ्या टोकाला असतो. मधूनमधून वडील हाक मारतात, "हाईस का रं?" दादा म्हणतो, "हाव!" बराच वेळ हाकच आली नाही, तर वडील समजतात, पोरगं झोपलं. मधली यंत्रं असंच करतात. बराच वेळ काही ये-जा झाली नाही, की ती वाट बंद करून टाकतात. म्हणून एसएसएचला सांगून ठेवता येतं, दर ६० सेकंदांनी पलीकडे एक हाक मारत जा. या सोयीचं नाव 'सर्व्हर अलाइव्ह इंटर्व्हल'.

या सगळ्या पायऱ्यांसाठी नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि पान उघडलं, तर कशामुळे उघडलं ते कधीच कळणार नाही.

आणि सातवी पायरी

आता चला तलावाच्या बांधावर. आम्ही तिघं तिथेच उभे आहोत.

मुलीच्या वडिलांचं ते 'ऱ्हाऊ द्या' ऐकलं आणि मला राहवलं नाही. मी भाचीला फोन लावला.

"मावशी, तुझ्या मोबाइलवर पान उघडतंय का?"

"उघडतंय की. पण फॉर्म मला लॅपटॉपवरच भरायचाय. प्रमाणपत्र, फोटो सगळं त्यातच घेतलंय."

"म्हणजे इंटरनेट चालू आहे. बिघाड लॅपटॉपमध्ये आहे. आता पडद्यावर काय लिहिलंय ते वाच."

"काहीतरी नेहमीचंच आहे गं."

"मावशी, काहीतरी नको. जे लिहिलंय ते वाच."

मी वाचलं. इंग्रजीत लिहिलं होतं, 'द प्रॉक्सी सर्व्हर इज रिफ्यूजिंग कनेक्शन्स'. प्रॉक्सी नकार देतो आहे!

फोनवर क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "अगं मावशी, चूक माझी. मी सेटिंग तशीच ठेवून गेले!"

आलं ना लक्षात? ब्राउझर अजूनही १०८० नंबरच्या दाराकडेच धाव घेत होता. पण बोगदा तयार करणारी ती ओळ कुणी लिहिलीच नव्हती. दारामागे कुणी नाही, म्हणून लगेच नकार. मोटार धडधडत होती, लाईट होती, पाइप ठीक होता. कॉक मात्र दुसऱ्याच वावराकडे वळवलेला!

सेटिंगमध्ये जाऊन 'नो प्रॉक्सी' निवडलं. पंधरा सेकंदांचं काम. पान झटकन उघडलं. बांधावरच बसून फॉर्म भरला. साडेचारला अर्जाचा क्रमांक पडद्यावर आला. तो मुलीनं स्वतः आपल्या वहीत उतरवून घेतला. आकडे दोनदा ताडून पाहिले. वडील म्हणाले, "झालं का मॅडम?" मी म्हटलं, "झालं." ते दोघं पायवाटेनं घरी गेले.

पुढे ती परीक्षेला बसली. निवड यादीत तिचं नाव आलं नाही. ती आता आमच्याच शाळेत सहावीत आहे आणि गणितात पुढे आहे. पण ती संधी तिच्या हातून पेपर अवघड गेल्यामुळे गेली असती तर गोष्ट वेगळी. माझ्या न वाचलेल्या एका ओळीमुळे गेली असती तर? ते मला आयुष्यभर टोचलं असतं.

आणि खरं सांगू? मी रोज वर्गात ओरडते, "प्रश्न नीट वाचा, अर्धे मार्क तिथेच असतात!" आणि माझ्यासमोर उत्तर सकाळी दहापासून लिहिलेलं होतं. मीच ते वाचलं नाही.

म्हणून सातवी पायरी : काम झालं, की कॉक पुन्हा आपल्या जागी. बोगदा बंद करायचा आणि सेटिंगही जुन्या जागी आणायची. लॅपटॉप दुसऱ्याला देताना तर नक्कीच!

करून बघा

संगणक नसला तरी चालेल. पाच जण एका रांगेत बसा. पहिला ब्राउझर, दुसरा बोगद्याचं तोंड, तिसरा वाट, चौथा मामा, पाचवा ग्रंथालय. पहिल्यानं चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून पाकिटात घालायचा आणि पुढे द्यायचा. मामानं पाकीट फोडून चिठ्ठी ग्रंथालयाला द्यायची. उत्तर त्याच वाटेनं परत. आता एका मुलाला बाहेर पाठवा आणि चौघांपैकी कुणीतरी गुपचूप 'बिघडा'. एकानं लगेच 'नाही' म्हणायचं, किंवा नुसतं गप्प बसायचं, किंवा भलत्यालाच पाकीट द्यायचं. बाहेरच्या मुलानं आत येऊन कमीत कमी प्रश्नांत बिघाड शोधायचा. आमच्या वर्गाचा विक्रम तीन प्रश्नांचा आहे. तुमचा कळवा!

आईबाबांसाठी दोन शब्द

पालकहो, बोगदा ही चांगली सोय आहे, पण ती ज्याच्या संगणकातून जाते, त्याची परवानगी हवी. शाळेनं किंवा घरानं काही पानं बंद ठेवली असतील, तर ती चोरून उघडायला ही वाट वापरू नये, हे मुलांशी बोलून ठेवा. 'फुकट प्रॉक्सी' म्हणून कुणीही देऊ केलेली सेवा घेऊ नका. मामा ओळखीचे असले तर ठीक. अनोळखी मामाच्या हातात आपलं पाकीट फुटतं, आपण कुठे कुठे पत्रं पाठवतो ते त्याला कळतं. पासवर्ड मुलांनी मित्रांना देऊ नये, हे तर आहेच. आणि घरातला संगणक 'बंद पडला' म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी पडद्यावरची सूचना मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या. इंग्रजी कळत नसेल तर शब्द वहीत उतरवून ठेवा आणि कुणाला तरी विचारा.

जाता जाता कोडं

एका दादानं बोगदा तयार केला. एसएसएचच्या खिडकीत एकही तक्रार नाही. ब्राउझरमध्ये पत्ता, दार, सॉक्स पाच, सगळं बरोबर. बाहेरची सगळी पानं भराभर उघडतात. फक्त कॉलेजच्या आतलं एकच पान म्हणतं, 'सर्व्हर सापडला नाही'. बिघाड कितव्या पायरीवर? आणि तुम्ही त्याला पहिली कोणती गोष्ट बघायला सांगाल? उत्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवा. कारणासकट बरं का! नुसत्या आकड्याला मार्क नाहीत.

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर प्रश्न नीट वाचा. मीही वाचते.

तुमच्या,
मॅडम